लहानपण आणि म्हातारपण : कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही काहीजण मिळून ज्येष्ठांचा एक छोटा कट्टा चालवतो. त्याआधी मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत बाई होते. त्यामुळे ज्यांना पाटीवर गिरवायला शिकवलं, त्यांतल्या काही मुली आता साठीकडे झुकलेल्या दिसतात, आणि त्यांच्या आया तर कट्ट्यावरच असतात. लोक तेच तेच प्रश्न विचारतात, कधी कट्ट्यावर, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी दवाखान्याच्या बाकड्यावर. ते प्रश्न आणि माझ्या परीनं त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

सत्तरीच्या माणसाला लहानपणाचं काय विचारायचं? झालं गेलं गंगेला मिळालं ना?

भांडणं मिळतात गंगेला. वाढीच्या वयात हाडामासात जे बसलं, ते तिथंच राहतं. पायांचंच बघा. पहिल्या काही वर्षांत धडापेक्षा पाय जास्त वेगानं वाढतात, म्हणून त्या वयात पोटाला कमी पडलं की पाय आखूड राहतात. पुढं कितीही चांगलं खाल्लं तरी ती भरपाई पूर्ण होत नाही. बसल्यावर उंच वाटणारी आणि उभं राहिल्यावर बुटकी दिसणारी आजी बघितली की मला तिचं पाच वर्षांचं वय दिसतं.

पण मुद्दा फक्त हाडांचा नाही. चारचौघांत बसायची सवय, आपलं म्हणणं मांडायचं धाडस, कागद हातात घेऊन न घाबरणं, हेही लहानपणीच लागतं किंवा लागत नाही. म्हातारपणी कोण कट्ट्यावर येतं आणि कोण दारात बसून रस्ता बघतं, हे आपण 'स्वभाव' म्हणून सोडून देतो. माझं मत असं की त्यातला बराच भाग स्वभावाचा नसून सुरुवातीच्या परिस्थितीचा असतो.

२०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. आजार, उत्पन्न, घर यांच्याबरोबरच त्यात दोन साधे प्रश्न होते. लहानपणी तब्येत कशी होती? घरची परिस्थिती कशी होती? त्या उत्तरांवर नंतर बरेच अभ्यास झाले. ज्यांचं लहानपण आजारपणात आणि ओढाताणीत गेलं, त्यांची म्हातारपणची तब्येत, हिंडणं-फिरणं आणि स्मरणशक्ती सरासरीनं मागं पडलेली दिसते. सरासरीनं हा शब्द विसरू नका, त्याच्याकडं पुन्हा येऊ.

लहानपण म्हणजे नेमकं कोणतं वय? पाच? दहा?

सुरुवात पोटात असल्यापासून धरा.

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन वहीत लिहून ठेवायच्या. डेव्हिड बार्कर या डॉक्टरांना त्या वह्या सत्तर-पाऊणशे वर्षांनी सापडल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या साडेपाच हजारांवर पुरुषांचं पुढं काय झालं ते त्यांनी शोधलं. एक वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी भरलं होतं, ते मोठेपणी हृदयविकारानं जास्त प्रमाणात गेले होते. १९८९ मध्ये हे छापून आलं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना पटलं नव्हतं. मला त्या वह्यांचंच अप्रूप वाटतं. रोजचं काम म्हणून कुणीतरी नीट नोंद ठेवली आणि दोन पिढ्यांनी तिचं चीज झालं. आमच्या शाळेच्या हजेरीपटांचं काय झालं, ते न विचारलेलं बरं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगातल्या चरबीचं प्रमाण मात्र तेवढं कमी नव्हतं. कमी होते ते स्नायू. बाहेरून काटकुळं आणि आतून चरबीचं, अशा शरीराला पुढं भरपेट जेवण आणि बैठं काम मिळालं की साखरेचा आजार लवकर गाठतो. 'आमच्या घरात कुणी जाड नाही, मग शुगर कशी?' हा प्रश्न कट्ट्यावर महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर बऱ्याचदा इथं असतं.

आणि शेवट कुठं धरायचा? साधारण शाळा सुटेपर्यंत. मात्र त्याच संकटाचा परिणाम वयाप्रमाणं वेगळा होतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी आली होती. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञांनी त्या मंदीत वाढलेल्या दोन गटांची तुलना केली. मंदी आली तेव्हा एका गटातली मुलं दहा-बारा वर्षांची होती, दुसऱ्या गटातली अगदी तान्ही. थोरल्यांनी घरकाम केलं, बारीकसारीक नोकऱ्या केल्या, आणि त्यांतले बरेचजण पुढं सावरले. धाकट्यांना, विशेषतः मुलग्यांना, मंदी जास्त जड गेली, कारण त्यांची सगळी समज येण्याची वर्षं त्या ताणातच गेली.

आम्ही बहात्तरच्या दुष्काळातले. आमचं काय?

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात विचारला जाणारच. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, करमाळा, कुठलाही ज्येष्ठ घ्या, बहात्तर म्हटलं की तो मिलोवर, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीवर, येतो. लाल मिलोची भाकरी, तिचा तो वास, आणि शाळेत वाटलेली सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, खडी. त्याच अनुभवातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला.

आता वर सांगितलेली वयाची गोष्ट इथं लावून बघा. त्या वर्षी जे आईच्या पोटात होते किंवा तान्हे होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेलेत. त्यांना दुष्काळ आठवत नाही, पण शरीरापुरतं बघितलं तर तोच गट जास्त नाजूक. साखर, रक्तदाब यांची तपासणी त्यांनी वेळेवर, दरवर्षी करून घ्यावी, लक्षणांची वाट बघू नये.

जे तेव्हा बारा-चौदा वर्षांचे होते, त्यांनी आईबापाबरोबर खडी फोडली आणि शाळा सोडली ती सोडलीच. त्यांचं नुकसान वेगळं. पण एक गोष्ट कमावलीही. आमच्या कट्ट्यावरचे एक काका सांगतात, की कामावर मस्टरमध्ये नाव लागलं तेव्हा आपण मोठे झालो असं वाटलं. आज कुणाच्याही घरी काही झालं की पहिले तेच धावतात. बावीस खुर्च्या लावायच्या असल्या तरी त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

माझे वडील चटणी-भाकरीवर वाढले आणि पंचाऐंशीतही ठणठणीत आहेत. मग तुमचं शास्त्र खोटं?

खोटं नाही. तुम्ही चाळणीच्या वर राहिलेले दाणे बघताय.

१९४० च्या दशकात आपल्या देशात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. त्याचा अर्थ माणसं बत्तिसाव्या वर्षी मरत होती असा नाही. असंख्य लेकरं पाच वर्षांची होण्याआधीच जात होती, म्हणून सरासरी खाली येत होती. तुमच्या वडिलांना विचारा, भावंडं किती झाली आणि किती जगली. 'आम्ही नऊ, वाढलो पाच,' असं उत्तर आलं तर नवल नको. त्या पाचांतून पंचाऐंशी गाठणारा एखादाच, आणि तो दणकट असणारच. चटणी-भाकरीनं ते काटक झाले असं म्हणण्यापेक्षा, चटणी-भाकरीवर तगण्याइतके ते मुळातच काटक होते, असं म्हणा. ज्यांना ते जमलं नाही त्यांचे फोटोसुद्धा नाहीत.

शेंगाचटणी आणि कडक भाकरीशी माझं वैर नाही, एवढं नोंदवून ठेवते.

आईला सहीसुद्धा येत नाही. त्याचा म्हातारपणी स्मरणशक्तीवर परिणाम होतो का?

जगभरातल्या अभ्यासांत लहानपणीचं अपुरं शिक्षण हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये धरलं जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ मध्ये असे १४ धोके मांडले. ते सगळे टाळता आले तर स्मृतिभ्रंशाच्या निम्म्याला थोडे कमी, म्हणजे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. शिक्षण हा त्या यादीतला आयुष्यात सगळ्यात आधी येणारा धोका. शाळेत मेंदूची जणू गंगाजळी जमते, आणि उतारवयात झीज सुरू झाली की तिच्यातून भागवता येतं.

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, अभ्यास केला. यांतल्या काहीजणींनी विशीत मठात येताना स्वतःविषयी एक-दोन पानं लिहून दिली होती. ज्यांच्या त्या लिखाणात विचारांची दाटी होती, त्यांना साठ वर्षांनंतर अल्झायमर कमी प्रमाणात झालेला दिसला. सगळ्यांचं राहणं, जेवण, काम जवळजवळ सारखं, म्हणून ही तुलना मोलाची.

पण तुमच्या आईची शाळा चुकली ती काही तिची चूक नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. शिवाय निरक्षर म्हणजे रिकामं डोकं नव्हे. आमच्या एक आजी जात्यावरच्या ओव्या अर्धा तास अडखळल्याशिवाय म्हणतात.

म्हणूनच एक सावधगिरीची सूचना. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचणीत एक वाक्य लिहा, ही आकृती बघून काढा, असं सांगतात. ज्या हातात कधी पेन्सिल आली नाही, तो तिथं अडकणारच, आणि कागदावर आजार दिसेल. हीच अडचण ओळखून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार केली गेली. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा, 'आई शाळेत गेलेली नाही.' आणि एवढंच सांगा, की सहा महिन्यांपूर्वी ती काय करत होती जे आता तिला जमत नाही. पैशांचा हिशेब? देवपूजेचा क्रम? नातवाचं नाव?

विडी वळणाऱ्या बायकांचं काय? त्या तर लहानपणापासून कामच करत आल्या.

इथं मला थांबून बोलायचं आहे.

सोलापुरात विडी हे बायकांचं काम, आणि ते पोरीच्या वयातच हाताला लागायचं. आई पानं कातरणार, तंबाखू भरून वळणार, आणि शेजारी बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी विडीचं तोंड मुडपणार, दोरा बांधणार. मांडीवर सूप. हजार विड्या भरल्याशिवाय उठायचं नाही, कारण कारखान्यात छाटणीत किती बाद होतील ते आधी कळत नाही. दिवसभर मान खाली, पाठ वाकलेली, नाकात तंबाखूची धूळ. ज्या बाईनं हे सातव्या वर्षापासून केलं, तिची मान, कंबर, गुडघे आणि छाती साठाव्या वर्षी जे सांगतात, ते 'वय झालं' या दोन शब्दांत उडवून लावू नका.

माझ्या वर्गात अशा मुली होत्या. सकाळी उशिरा यायच्या, बोटांना तंबाखूचा वास असायचा. आम्हाला तेव्हा शिस्तीचं मोठं कौतुक. उशिरा आलेल्या मुलीला मी दाराबाहेर उभं करायचे. एक मुलगी तर इतक्यांदा उभी राहिली, की पुढं पुढं ती सांगायच्या आधीच उंबऱ्याशी थांबायची.

दोन वर्षांपूर्वी ती कट्ट्यावर आली, आईला सोडायला. आई आत गेली. ही दाराशीच उभी. मी म्हटलं, 'अगं, आत ये की.' ती म्हणाली, 'नको बाई, इथं बरं आहे.' मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

म्हणून सांगते, चारचौघांत न मिसळणारी प्रत्येक बाई एकलकोंडी नसते. कुणाला तरी कधीतरी बाहेर उभं केलेलं असतं. शाळेत, नाहीतर नातेवाइकांच्या पंगतीत, नाहीतर जातीमुळं पाणवठ्यावर. 'सगळ्यांचं स्वागत आहे' असा फलक लावून ती आत येत नाही. तिला नावानं हाक मारावी लागते, आणि एकदा मारून भागत नाही.

पण याच बायकांकडं एक शिदोरीही असते. चार-पाच जणी एका ओसरीत बसून वळायच्या, तिथंच गाणी, भांडणं, भिशी, लग्नं जमवणं. डोळे गेले, वळणं सुटलं, की ती ओसरीही सुटते. पैशापेक्षा तो घाव मोठा असतो, आणि घरातल्यांना तो कळतही नाही.

'सेटलमेंट'मधल्या ज्येष्ठांचा अनुभव वेगळा आहे का?

हो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. सोलापुरात त्यांची मोठी वसाहत होती, आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतात. तारेचं कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. म्हणजे आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढं असलेली काही माणसं त्या कुंपणात जन्मली आहेत.

ज्या लेकरानं बापाला रोज हजेरी देताना पाहिलं, तो म्हातारपणी आरोग्य शिबिरात नाव, पत्ता, अंगठा मागितल्यावर मागं का सरतो, हे वेगळं सांगायला नको. आम्ही आमच्या कट्ट्यावरची हजेरीवही त्यामुळंच बंद केली. कोण आलं ते आम्हाला तसंही ठाऊक असतं.

कट्टा, भजनी मंडळ, वारी यांनी खरंच तब्येत सुधारते? की तब्येत बरी असलेलेच तिथं जातात?

चांगला प्रश्न. दोन्ही खरं आहे. गुडघा धड असलेला वारीला जातो, आणि वारीला गेल्यानं त्याचा गुडघा आणखी काही वर्षं धड राहतो. कोंबडी आधी की अंडं आधी, हे एका पाहणीनं सुटत नाही.

तरी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांवर लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांची नाती आणि माणसांतली ऊठबस चांगली होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मुळातली तब्येत हिशेबात धरूनही फरक उरला. लॅन्सेटच्या यादीतही एकटेपणा आहेच.

सहभाग म्हणजे सभासदत्वाची पावती नव्हे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला हात लावणं, आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीला घोटभर चहा पाजणं, शेजारणीच्या सुनेचं डोहाळजेवण करणं, सगळं त्यात येतं. गिरणीच्या भोंग्यावर उठलेल्या पिढीसाठी पहाटे हुतात्मा बागेत ठरलेल्या बाकावर जाऊन बसणं हीसुद्धा पाळीच असते. एकजण दोन दिवस आले नाहीत तर दुसरे घरी जाऊन विचारतात, 'का बे, काय झालं?' हे विचारणं ज्याच्या वाट्याला येतं त्याचा आजार लवकर लक्षात येतो. यंत्रणा म्हणाल तर एवढीच.

आम्ही घरी तेलुगू बोलतो. आजी आता मराठी विसरायला लागलीय. घाबरावं का?

स्मरणशक्ती उतरू लागली की नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा टिकते, असं बऱ्याचदा दिसतं. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, पण घरात तिच्याशी मराठीतून बोलण्याचा हट्ट सोडा. तेलुगूत बोला, लहानपणची गाणी काढा. आमच्याकडं तेलुगू, कानडी, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या बायका येतात. एकीनं दुसरीला तिच्या भाषेत 'बागुन्नारा', म्हणजे 'बऱ्या आहात ना', असं विचारलं की चेहरा उजळतो. सोलापूरचा हा फायदा पुण्या-मुंबईला नाही.

वडील कुठंच येत नाहीत. जबरदस्ती करावी का?

आधी कान तपासा.

खरंच सांगते. पूर्व भागात माग घरात असायचा. पोरं कांड्या भरायची, मागाशेजारीच झोपायची. पुढं त्याच खडखडाटात चाळीस वर्षं काम. अशा माणसाला चारजण एकदम बोलायला लागले की शब्द वेगळे करता येत नाहीत. तो दोनदा चुकीचं उत्तर देतो, लोक हसतात, तिसऱ्यांदा तो येत नाही. बाहेरगावचे म्हणतात, सोलापूरकर बोलतात की भांडतात? अर्धे तर मागावरून ऐकू जावं म्हणून शिकलेलं बोलतात. वर सांगितलेल्या १४ धोक्यांत ऐकू न येणंही आहे, आणि त्यावर उपाय आहे.

मग दात. चारचौघांत खाता येत नाही म्हणून न येणारे ज्येष्ठ मला माहीत आहेत. मग लघवी. जवळ स्वच्छ संडास नसेल तर बायका पाणी न पिता येतात किंवा येतच नाहीत. मग पैसे. चहाचे दहा रुपये द्यायची पाळी आपल्यावर आली तर, या धास्तीनं माणूस घरी बसतो, आणि ज्याचं लहानपण उधारीवर गेलं त्याला ही धास्ती जास्त.

एवढं सगळं बघून झालं, तरी त्यांना यायचं नसेल, तर सोडा. एकांत आवडणारी माणसंही असतात.

या वयात काय बदलणार? पाया तर केव्हाच घातला गेला.

पाया कच्चा असलेली घरंही डागडुजी केली तर उभी राहतात, आणि पक्क्या पायाचीही दुर्लक्षानं पडतात. म्हणून मघाशी सरासरी हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला. लहानपणीच्या हालअपेष्टा म्हणजे निकाल नव्हे, वजनाच्या काट्यावर आधीच ठेवलेलं एक माप. दुसऱ्या पारड्यात अजून टाकता येतं. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, मिसरी आणि तंबाखू सोडणं, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करून मांड्यांत ताकद आणणं, डाळ-अंडं-दूध यांचं प्रमाण वाढवणं, मोतीबिंदू वेळेवर काढणं. यांतलं काहीही सत्तरीत उशिराचं नाही.

डॉक्टरांना लहानपणाबद्दल काय सांगावं?

विचारलं नाही तरी सांगा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कारण त्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असू शकतात. कान वाहायचा का. घरात कुणाला क्षय होता का. पोलिओ झाला असेल तर तोही, कारण सावरलेल्या पायाची ताकद कित्येक वर्षांनी पुन्हा कमी होऊ शकते. चुलीच्या धुरात किती वर्षं स्वयंपाक केला. तंबाखूचं किंवा मागाचं काम कोणत्या वयात सुरू झालं. हे एका कागदावर लिहून, फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवा.

सरकारी सवलती?

थोडक्यात. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट, आणि बायकांना सगळ्याच वयात अर्धं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. निराधार ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ योजना. अडचण आली तर ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७. एक खटकतं ते असं, की जन्मतारखेचा पुरावा सगळीकडं लागतो, आणि ज्यांचं लहानपण सगळ्यात हलाखीचं, त्यांच्याकडंच तो नसतो. 'मी दुष्काळाच्या आदल्या वर्षीची' हे संगणकाला चालत नाही. पोराबाळांनी हे कागद आईवडील हिंडते-फिरते असतानाच करून घ्यावेत.

आमच्या गल्लीत असा कट्टा सुरू करायचा आहे. पहिलं काय बघावं?

जागा छोटी चालेल, पण पायरी एकच असावी आणि खुर्चीला पाठ व हात असावेत. फरशीवर बसायला लावू नका. चहा एकाच खर्चातून, पाळी लावू नका. फॉर्म नको. पहिल्या महिन्यात व्याख्यानंही नकोत, आपल्याकडं माइक दिसला की लोक सोडत नाहीत. कोण दाराशी उभं राहतं ते बघा, आणि त्यांना काहीतरी काम द्या. ती माझी जुनी विद्यार्थिनी आता चहाचा हिशेब ठेवते. अजून बसते मात्र दाराजवळच्याच खुर्चीवर.

आणि वेळ ठरवायच्या आधी नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते विचारा. आम्ही पहिले दोन महिने मंगळवार धरून बसलो होतो आणि बायका का येत नाहीत म्हणून डोकं खाजवत होतो. इथं पाणी काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी घरातली म्हातारीच घागरी भरत असते. आता आमचा कट्टा पाण्याच्या दुसऱ्या दिवशी भरतो, दुपारी चारला.